सजावट न पोचलेलं पान

तैपेईजवळच्या कीलुंग बंदराच्या मागच्या गल्लीत छत्र्यांचं एक दुकान आहे. त्याच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस. आम्ही वेबसाइट बांधतो. बोटीच्या कंपनीची, मासळी संघाची, एकदोन दवाखान्यांची. मालक वेंगसाहेब, ज्यांना आम्ही सगळे नुसतं 'लाओबान' म्हणतो, ते फोनवर गिऱ्हाइकांशी बोलतात. पडद्यावर काय कुठे दिसावं, कुठला रंग, किती मोकळी जागा, ते मी ठरवते. माझं नाव ह्वी-जुन, पण इथे सगळे 'आ-ह्वी' म्हणतात.

मी चित्र काढून देते आणि त्याचं चालतं पान बनवतात ती दोघं, फांग-जिए आणि आ-शुन.

फांग-जिए आमच्यात सगळ्यांत मोठी. 'जिए' म्हणजे ताई. चाळिशी उलटलेली, अंगात बाराही महिने विणलेलं बिनबाह्यांचं जाकीट, टेबलावर चहाचा थर्मास. पानं टेलिफोनच्या तारेवरून यायची आणि फोटो वरून पडदा सोडल्यासारखा हळूहळू उतरायचा, त्या काळापासून ती हे काम करते. आ-शुन ताइचुंगचा. केस चहाच्या रंगाचे केलेले, हात भलता चपळ, तोंड त्याहून चपळ. तो आला तेव्हा आमच्याकडे प्रत्येक पान हातानं, पहिल्यापासून लिहिलं जायचं. गिऱ्हाइकानं "जरा निळा रंग गडद करा" म्हटलं की फांग-जिए आठवडाभर मान वर काढत नसे.

आ-शुननं यावर तोडगा काढला. त्यानं तयार ठोकळ्यांचा एक संच बनवला आणि त्याला नाव दिलं 'बियेनदांग'. आम्ही दुपारी खातो तो कप्प्यांचा जेवणाचा डबा, तेच नाव. एक ठोकळा गोष्टी आडव्या मांडायचा, एक उभ्या रचायचा, एक चारी बाजूंनी जागा सोडायचा. हे ठोकळे एकात एक घातले की माझं चित्र जसंच्या तसं पडद्यावर उभं राहायचं. मी तर खूशच झाले. माझी मोजलेली जागा पहिल्यांदाच कुणी केसाइतकीही न हलवता ठेवली होती.

फांग-जिए मात्र खूश नव्हती. बोटीच्या कंपनीचं नवं पान त्यानं या ठोकळ्यांत बांधून दाखवलं तेव्हा ती खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसली.

"छान दिसतंय," ती म्हणाली. "आता याची सजावट काढ."

"काढ म्हणजे?"

"रंग, मांडणी, हलणारं-बिलणारं सगळं बंद कर. नुसता मजकूर राहू दे."

त्यानं बंद केलं. आम्ही तिघं बघत राहिलो. पानावरचं सगळं लिखाण एकाखाली एक, सारख्याच बारीक अक्षरात कोसळलं होतं. बोटीच्या वेळा, धक्क्यांची नावं, भाडं, सूचना, सगळ्यांचा एक लगदा. कुठली वेळ कुठल्या दिवसाची, काही पत्ता लागेना. 'तिकीट काढा' हे शब्द तळाशी कुठेतरी पडले होते. फांग-जिएनं त्यावर बोट आपटलं. काही झालं नाही.

"हे बटण आहे ना?"

"आहे ना. म्हणजे... मी त्याला बटणासारखं दिसायला लावलंय."

"दिसायला लावलंयस. सांगितलं नाहीस." ती त्याच्याकडे वळली. "आ-शुन, तू ब्राउझरला म्हणतोस, हा एक डबा, त्यात अक्षर मोठं कर, खाली जागा सोड. तो बिचारा करतो. पण हा मथळा आहे, हा तक्ता आहे, हे दाबायचं बटण आहे, हे तू त्याला कधी सांगितलंसच नाहीस. ज्यांना दिसत नाही त्यांचं यंत्र पान वाचून दाखवतं, माहितेय ना? ते तुझं पान काय वाचेल? डबा, डबा, डब्यात डबा."

"जिए, सजावट काढून पान बघतंच कोण? तुझ्याशिवाय?"

"तुझ्या जन्माच्या वेळी सगळेच बघायचे."

"म्हणूनच म्हणतो, तो काळ गेला. आणि तुझ्या पानांचं काय? मासळी संघाच्या एका पानावर नाव डावीकडे, दुसऱ्यावर मध्ये. प्रत्येक ठिकाणी हाताचं लिखाण. उद्या तू आजारी पडलीस तर त्यात हात कोण घालणार? मी तर नाही."

फांग-जिएचे कान लाल झाले. हे खरं होतं, आणि ती खोटं बोलणाऱ्यांतली नव्हती. ती उठून आपल्या जागेवर गेली. पुढचे काही दिवस आमच्या ऑफिसात छपरावरच्या पावसाचा तेवढा आवाज. दोघं माझ्यामार्फत बोलायची. "आ-ह्वी, त्याला विचार, तक्ता कधी देतोय." "आ-ह्वी, तिला सांग, तक्ता नाही, डबा देतोय."

शेवटी लाओबाननं दोघांच्या मध्ये उभं राहून छत्र्या हातात दिल्या. "जा, काहीतरी गरम खाऊन या. आ-ह्वी, तूही जा, नाहीतर एकमेकांना कालव्यात ढकलतील."

आम्ही देवळापाशी तिंगप्येनत्सुओ खायला बसलो. तांदळाच्या जाड पापुद्र्यांचं सूप असतं, वर कोळंबी. आ-शुन उपाशी असला की भांडतो आणि पोटात गेलं की विचार करतो, हे मला तोवर कळलं होतं. अर्धा वाडगा संपल्यावर त्यानं मान वर केली.

"तुला माझा संच नकोच आहे का, जिए? स्पष्ट सांग."

"नको असं मी कधी म्हटलं?" तिला खरंच आश्चर्य वाटलं होतं. "मी इतकी वर्षं हातानं लिहितेय ती हौस म्हणून? मला असं काही सुचलं असतं तर माझी मान तरी शाबूत राहिली असती. मी एवढंच म्हणते की ठोकळा मांडणी करतो ती करू दे, पण तो ठोकळा आहे कोण, तेही त्याच्याकडून वदवून घे."

आ-शुन चमचा तोंडात तसाच धरून बसला. मग म्हणाला, "म्हणजे बांधणाऱ्यानं सांगितलंच नाही, तर ठोकळ्यानं उभंच राहायचं नाही. अडून बसायचं."

"बसेल का अडून?"

"मी बसवीन ना."

ते काम पुरा हिवाळाभर चाललं. आ-शुननं आख्खा संच उसवला आणि पुन्हा शिवला. आता कुठलाही ठोकळा ठेवला की तो पडद्यावर तांबड्या अक्षरांत विचारायचा: मी कोण? मथळा, यादी, तक्ता, सूचना, अर्ज, बटण, की नुसतीच मांडणी? उत्तर दिल्याशिवाय पान पुढे जायचं नाही. फांग-जिए त्याच्या शेजारी बसून एकेक उत्तर तपासायची. बटण म्हटलं की खरोखरीचं बटण, तक्ता म्हटलं की खरोखरीचा तक्ता, अर्ज असा की बाकी काही पोचलं नाही तरी भरून पाठवता येईल. भांडणं चालूच होती, पण आता ती कामाची भांडणं होती.

"हा मथळा नाही, आ-शुन. नुसतं मोठं अक्षर आहे."

"मोठं अक्षर म्हणजे मथळाच की."

"मग माझ्या आईचा आवाज मोठा आहे म्हणून ती मंत्री झाली का?"

मीसुद्धा वैतागले. चित्र काढून मोकळी व्हायचे ती सोय गेली. चित्रातल्या प्रत्येक तुकड्याखाली तो कोण आहे ते मलाही लिहून द्यावं लागायला लागलं. हिवाळा सरता सरता, चांद्र नव्या वर्षाच्या सुट्टीआधी, बोटीच्या कंपनीचं पान सुरू झालं आणि कंपनीच्या कचेरीतल्या माणसांना संच कसा वापरायचा ते आ-शुननं शिकवलं, कारण रोजच्या सूचना तीच टाकायची. त्यांनीही पहिल्याच दिवशी फोन करून तक्रार केली की तुमचं पान फार प्रश्न विचारतं. दिसायला ते आधीसारखंच होतं. हिवाळाभर काय केलंत, असं गिऱ्हाइकानं विचारलं तेव्हा लाओबाननं चहा मागवून विषय बदलला.

सुट्टीनंतर थोड्याच दिवसांत बातमी आली की समुद्राखालची तार तुटली. आमच्या बंदरातून बोटीनं एका रात्रीच्या अंतरावर असलेल्या बेटाचं इंटरनेट त्या तारेवर चालायचं. आता हवेतून जाणारी एक बारीकशी जोडणी उरली होती आणि सगळं बेट त्यावर लोंबकळत होतं. दुरुस्तीचं जहाज यायला वेळ लागणार होता. आम्ही बातमी वाचली, चुकचुकलो आणि कामाला लागलो. आमच्या पानाशी तिचा काही संबंध असेल असं कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

वसंत संपत आला तेव्हा एका सकाळी जिन्यावर पावलं वाजली. अगदी सावकाश. दारात एक जोडपं उभं. पुरुष पन्नाशीच्या आतबाहेरचा, बारीक, तोंडावर मास्क. बाईच्या दोन्ही हातांत पिशव्या. मी खुर्ची पुढे केली तर बाईंनी आधी पिशवीतून ओला रुमाल काढून खुर्ची पुसली, मग त्यांना बसवलं.

"माफ करा हं," त्या म्हणाल्या. "डॉक्टरांनी सांगितलंय, जंतूंपासून जपायचं. नवी किडनी आहे."

"मी त्साओ," गृहस्थ म्हणाले. "बेटावर माशाच्या शेवया करतो. ही माझी बायको, शिऊ-यिंग. बोटीच्या पानाचं काम तुमच्याकडे आहे ना? त्यांच्या कचेरीत गेलो होतो, त्यांनी इकडे पाठवलं."

लाओबानचा चेहरा पडला. गिऱ्हाइकाचं गिऱ्हाईक जिना चढून येतं ते तक्रार घेऊनच, असा त्यांचा अनुभव. "काही चुकलं का, त्साओ-दागे?" वयानं मोठ्या पुरुषाला आम्ही दागे म्हणतो, दादासारखं.

"चुकलं? नाही हो. मी ते साधं पान बनवणाऱ्याला भेटायला आलोय."

"कुठलं साधं पान?"

"ते पांढरं," शिऊ-यिंगबाई म्हणाल्या. "पांढऱ्यावर काळं. अंगावर एक कपडा नाही बिचाऱ्याच्या."

मग दोघांनी मिळून सांगितलं. एक बोलायला लागलं की दुसरं मध्येच तोडायचं.

त्साओ-दागे कित्येक वर्षं बेटावरच्या दवाखान्यात यंत्राला लावून रक्त शुद्ध करून घेत होते आणि किडनीसाठी नाव घालून वाट बघत होते. एक दिवस सकाळी तैपेईहून फोन आला. आवाज तुटत होता. एवढंच कळलं की किडनी मिळाली आहे, उद्या सकाळपर्यंत पोचा, नाहीतर पुढच्या माणसाला देऊ. बेटावर धुकं होतं. विमानं बंद, हेलिकॉप्टरही उडेना. राहिली बोट.

"बोट रोज रात्री उत्तरेच्या धक्क्यावरून सुटते," दागे म्हणाले. "लहानपणापासून. मी हिला म्हटलं, वेळ आहे, दुकान आवरू, देवाला उदबत्ती लावू, संध्याकाळी जाऊ."

"मी म्हटलं, एकदा फोनमध्ये बघते. हे म्हणतात, काय बघायचंय, काही उघडतं का त्याच्यात? खरंच काही उघडत नव्हतं. बँकेचं पान नुसतं गरगर फिरत बसायचं. हवामानाचं उघडलं तर सगळे आकडे एकमेकांच्या अंगावर. बोटीचं उघडलं, तेही अर्धवटच आलं. मला वाटलं, मोडलं. पण वर हे एवढ्या मोठ्या अक्षरात, 'आजची सूचना'. धुकं आणि लाटांमुळे बोट दुपारी सुटणार, तीही दक्षिणेच्या धक्क्यावरून. खाली तक्ता, वार एकीकडे, वेळा एकीकडे, नीट ओळीत. माझा चष्मासुद्धा दुकानात राहिला होता, तरी वाचलं."

"ही ओरडायला लागली. दुपार व्हायला फारसा वेळ नव्हताच. आणि आमच्या घरापासून दक्षिणेचा धक्का म्हणजे बेटाचं दुसरं टोक."

"त्याच पानावर आजारी माणसासाठी जागेचा अर्ज होता. नाव लिहिलं, आजार लिहिला, बटण दाबलं. म्हटलं, हे काही जाणार नाही. जीव मुठीत धरून बसले. तर एक ओळ आली, 'तुमची नोंद मिळाली'. तेवढंच. मी तो फोन छातीशी धरून टॅक्सीत बसले."

ते पोचले तेव्हा बोटीवर चढायची फळी काढायची वेळ होऊन गेली होती. पण ती काढलेली नव्हती. एक खलाशी धक्क्यावर उभा राहून हाका मारत होता, "त्साओ कोण? किडनीवाले त्साओ कोण?" अर्ज पोचला होता, म्हणून कप्तानानं बोट धरून ठेवली होती. खाली त्यांच्यासाठी पलंग लावून ठेवला होता.

लाओबानच्या हातातला फोन कधीचा वाजून थांबला होता.

"तर मला ते पान बनवणारा दाखवा," दागे म्हणाले. "संकटाच्या वेळेसाठी असं वेगळं पान करून ठेवायचं म्हणजे केवढा विचार केला असेल कुणीतरी."

आ-शुननं घसा खाकरला. "वेगळं पान नाहीये, दागे. ते नेहमीचंच पान. तार तुटली होती म्हणून त्याची सजावट तुमच्यापर्यंत पोचलीच नाही. नुसता मजकूर पोचला."

"पण मग ते कळत कसं होतं?"

"तो मजकूर कोण आहे ते त्यात लिहिलेलं होतं म्हणून. हे या ताईमुळे." त्यानं फांग-जिएकडे हात केला. "माझ्यावर सोडलं असतं तर तुम्हाला लगदा दिसला असता. आणि बटण दाबलं गेलं नसतं." शेवटचं वाक्य तो फार हळू बोलला.

"तो अर्धंच सांगतोय," फांग-जिए म्हणाली. ती उभी राहिली होती आणि जाकिटाचं टोक पिळत होती. "ती सूचना मी लिहिलेली नाही, यानंही नाही. त्या सकाळी कंपनीतल्या कुणीतरी घाईत टाकली. घाईत माणूस काय करतो? अक्षर मोठं करून मोकळा होतो. याच्या ठोकळ्यानं त्याला अडवून विचारलं असेल, मी कोण, आणि वैतागून त्यानं सांगितलं असेल, मथळा. मी हातानं फार तर एखादं पान नीट केलं असतं. मी घरी झोपलेली असताना दुसऱ्याच्या हातून नीट पान बनावं, हे मला जन्मात जमलं नसतं. ते या पोरानं केलं."

आ-शुन खिडकीकडे वळला आणि बाहेर काहीतरी फारच महत्त्वाचं असल्यासारखा बघत राहिला.

त्साओ-दागे सावकाश उठले. शिऊ-यिंगबाई "बसा, बसा" म्हणत असतानाच त्यांनी आधी फांग-जिएला आणि मग आ-शुनला कमरेतून वाकून नमस्कार केला. फांग-जिएनं घाईघाईनं त्यांच्याहून खाली वाकायचा प्रयत्न केला. मग मी वाकले, लाओबान वाकले. काही वेळ आम्ही सगळेच एकमेकांना वाकत होतो.

"ज्यानं मला किडनी दिली," दागे पुन्हा बसल्यावर म्हणाले, "त्याचं नाव ते सांगत नाहीत. नियमच आहे. बाई की पुरुष, तेही ठाऊक नाही. त्याच्या घरच्यांच्या दारात जाऊन उभं राहावंसं वाटतं, पण दार कुठलं? पडल्या पडल्या माझ्या मनात यायचं, त्याला म्हणता येत नाही ना, मग ज्यांना म्हणता येईल अशा सगळ्यांना म्हणून घेऊ. कप्तानाला भेटलो. त्या हाका मारणाऱ्या खलाशाला भेटलो. दवाखान्यात फरशी पुसणाऱ्या मावशींना भेटलो, त्या रोज माझ्याशी दोन शब्द बोलायच्या."

"यांचं चालू आहे महिनाभर," शिऊ-यिंगबाई म्हणाल्या. "शेवया करायची ताकद नाही अजून, मी करते. हे वाटतात."

त्यांनी पिशव्या उघडल्या. माशाच्या शेवयांची पुडकी आणि लाल खमिराच्या दारूची बुटकी बरणी. "मला प्यायची नाही," दागे म्हणाले, "म्हणून माझ्या वाटची तुम्ही प्या." आ-शुननं दोन्ही हातांनी बरणी घेतली.

जाताना ते जिन्यापाशी थांबले. "इथे टॅक्स्या कुठे उभ्या असतात? त्या रात्री बोटीवरून उतरल्यावर ज्यानं तैपेईला नेलं, तो राहिलाय. गाडीत ऑपेराची गाणी लावली होती आणि कानावर मोठा तीळ होता. एवढंच आठवतंय."

"एवढ्यावर कसा सापडेल?" लाओबान म्हणाले.

"चला, मी येते," म्हणून फांग-जिएनं छत्री उचलली. आ-शुन म्हणाला, "मी पण." लाओबान काही म्हणायच्या आत मीही निघाले होते.

स्टेशनसमोर टॅक्सीवाले टपऱ्यांच्या छपराखाली उभे होते. आ-शुननं सरळ एका टोकापासून विचारायला सुरुवात केली. "काका, ऑपेरा ऐकता का? जरा कान दाखवा." एकानं त्याला शिवी हासडली, दुसऱ्यानं हसून दोन्ही कान दाखवले. तीळवाल्याला सगळे ओळखत होते. तो कोपऱ्यात उभ्याउभ्या पावात घातलेलं अंडं खात होता.

त्साओ-दागे त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि त्यांनी सगळं सांगितलं. टॅक्सीवाला घास तोंडात धरून ऐकत होता. त्याला काही आठवत नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं.

"अहो, मी काय केलं?" तो म्हणाला. "तुम्ही बसलात, मी गाडी चालवली."

"तेच," दागे म्हणाले, आणि वाकले.

टॅक्सीवाल्यानं अंडं-पाव घाईघाईनं बॉनेटवर ठेवला, हात पँटला पुसले आणि शिऊ-यिंगबाईंनी पुढे केलेलं शेवयांचं पुडकं दोन्ही हातांनी घेतलं.